चालू जावा ॲपचा बाइटकोड बदलायचाय: एएसएम, जावासिस्ट की बाइट बडी?

पर्वरीतल्या एका टीमकडे हॉटेल बुकिंगचं जुनं सॉफ्टवेअर आहे, त्यातल्या एका जारचा, म्हणजे कंपाइल झालेल्या क्लासेसच्या पॅकेजचा, सोर्स आता कोणाकडेच नाही, आणि डिसेंबरची गर्दी सुरू झाली की रेटचं कॅल्क्युलेशन रखडतं. कुठली मेथड किती वेळ खाते ते त्यांना बघायचंय, तेही रिकंपाइल न करता. अशा कामासाठी जावा ५ पासून एजंटची, म्हणजे ॲपला जोडून चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, सोय आहेच, क्लास लोड होताना त्याचे बाइट्स, म्हणजे कंपाइल झालेला बाइटकोड, एजंटमधल्या तुमच्या ट्रान्सफॉर्मरकडे येतात, बदलायचे आणि परत द्यायचे. पणजी-मडगावकडची पोरं मला विचारतात ते पुढचं, बदलायचे कुठल्या लायब्ररीने?

मी एकच गोष्ट बघतो. चूक झाली तर ती कधी कळते.

एएसएममध्ये सगळ्यात उशिरा. तुम्ही थेट बाइटकोडच्या इन्स्ट्रक्शन लिहिता, त्यामुळे मेथडच्या सुरुवातीची वेळ साठवायची म्हटली तरी लाँगला लोकल व्हेरिएबलचे दोन स्लॉट लागतात हे लक्षात ठेवावं लागतं, मेथडमध्ये जितके रिटर्न तितक्या ठिकाणी कोड घालावा लागतो, आणि आतून एक्सेप्शन आलं तर त्याचा ट्राय-कॅच वेगळा. एएसएमचा तयार क्लास ॲडव्हाइसॲडॉप्टर थोडा भार हलका करतो, पण गणित चुकलं तर व्हेरिफायएरर (बाइटकोड चुकीचा असल्याची एरर) येतो तो थेट क्लास लिंक होताना. स्टॅक मॅप फ्रेम्स, म्हणजे कुठल्या जागी कुठला टाइप आहे याच्या क्लासमधल्या नोंदी, आपोआप काढायला सांगितल्या तर दोन टाइपचा समान पूर्वज शोधायला एएसएम ते क्लास लोड करायला जातो, आणि एजंटमध्ये ते भलतंच अंगाशी येतं. मात्र फक्त वाचायचं असेल, म्हणजे कोण कुठली मेथड कॉल करतं याचा शोध घ्यायचा, तर एएसएमच घ्या. मुख्य जार अगदी छोटा, क्लास वाचत जाणारा व्हिजिटर एकदा फिरला की काम झालं, इतकं झटपट दुसरं काही नाही.

जावासिस्ट शिकायला सोपी. मेथडच्या सुरुवातीला कोड घालणाऱ्या इन्सर्टबिफोरला स्ट्रिंगमध्ये जावा कोड द्यायचा, डॉलर १ म्हणजे पहिला पॅरामीटर, बस. पण तो कोड स्ट्रिंग आहे, तुमच्या आयडीईला त्यातलं काही कळत नाही, चूक रनटाइमलाच कळणार. आणि ट्रान्सफॉर्मरमधून बाहेर पडलेलं एक्सेप्शन जेव्हीएम (जावा कोड चालवणारं मशीन) गुपचूप गिळतो, क्लास मूळ रूपातच लोड होतो, तुम्ही लॉग बघत बसता आणि लॉगमध्ये काहीच नाही! म्हणून आत स्वतःचा ट्राय-कॅच घालून प्रिंट कराच. अजून एक, इन्सर्टबिफोरमध्ये डिक्लेअर केलेलं व्हेरिएबल इन्सर्टआफ्टरला दिसत नाही, त्यासाठी आधी ॲडलोकलव्हेरिएबल करावं लागतं. तिचा आतला कंपायलर छोटा आहे, लॅम्बडा चालत नाही, ऑटोबॉक्सिंगही नाही.

बाइट बडी २०१४ च्या सुमारास आली, आतून एएसएमच वापरते. इथे ॲडव्हाइस, म्हणजे मेथडमध्ये घालायचा कोड, म्हणून साध्या स्टॅटिक मेथड लिहायच्या, सुरुवातीला चालणारी एंटरवाली वेळ रिटर्न करते, शेवटी चालणारी एक्झिटवाली तीच पॅरामीटर म्हणून घेते, ऑनथ्रोएबल दिलं की एक्सेप्शनची वाटही कव्हर. हा साधा जावा कोड असल्यामुळे बऱ्याच चुका कंपायलरच पकडतो, आणि म्हणून चालू सर्व्हरवर एजंट टाकायचा असेल तर माझं मत सरळ बाइट बडीला. टेस्टिंगची मॉकिटो हिच्यावर आहे, डेटाबेसवाल्या हायबरनेटनेही जावासिस्ट सोडून हीच धरली, मॉनिटरिंगच्या ओपनटेलिमेट्रीचा जावा एजंटही हिच्यावरच. पण ॲडव्हाइसचा कोड टार्गेट मेथडमध्ये कॉपी होतो हे विसरू नका, त्यातून तुमच्या प्रायव्हेट हेल्परला हाक मारली की इल्लीगलॲक्सेसएरर, आणि ॲडव्हाइसमध्ये ब्रेकपॉइंट लावला तर थांबतच नाही. जारही काही एमबींचा आहे, छोट्या टूलमध्ये ते खुपतं.

सीजीलिब ही अशीच जुनी लायब्ररी नव्या कामाला घेऊ नका, तिच्या मेंटेनर्सनीच बाइट बडीकडे जायला सांगितलंय. जावा २४ पासून जेडीकेमध्ये (जावाच्या मूळ किटमध्ये) स्वतःची क्लास-फाइल एपीआय पक्की झालीये, तेवढं नवं व्हर्जन असेल तर एएसएमच्या जागी ती बघण्यासारखी आहे, पण हॉटेलवाल्यांचे सर्व्हर बहुतेक ८ नाहीतर १७ वरच असतात.

कुठलीही घ्या, लायब्ररीचं व्हर्जन जावाच्या मानाने नवं ठेवा. जावा २१ चा क्लास फाइल व्हर्जन ६५, जुना एएसएम तो बघूनच नको म्हणतो. आणि आधीच लोड झालेला क्लास रीट्रान्सफॉर्म करताना, म्हणजे पुन्हा बदलताना, नवीन फील्ड किंवा मेथड घालता येत नाही, फक्त मेथडच्या आतला कोड बदलता येतो, हे बंधन जेव्हीएमचं आहे, लायब्ररी बदलून सुटणार नाही.