जुन्या हेलिओससाठी साधी रिंग की फोकल रिड्यूसर?

घरात कुणाची तरी जुनी हेलिओस ४४-२ (५८ मिमी एफ/२ ची रशियन लेन्स) पडून आहे किंवा चोरबाजारात मटन स्ट्रीटला फिरताना मिळालीये, आणि बॉडी सोनीची क्रॉप सेन्सरवाली (फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) मिररलेस, तर अ‍ॅडाप्टर कुठला घ्यायचा हा प्रश्न येतोच. मी साधी रिंग आणि फोकल रिड्यूसर (आत काच असलेला अ‍ॅडाप्टर) दोन्ही वापरलेत आणि पहिल्यांदा घेणाऱ्याला बिनधास्त सांगेन, साधी रिंगच घ्या.

हेलिओससारख्या एम४२ (आट्यांनी बसणाऱ्या) लेन्सच्या माउंटपासून सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं, सोनीच्या ई माउंटला ते १८ मिमी आहे, म्हणजे रिंग फक्त मधले साडेसत्तावीस मिमी भरून काढते, आत काचच नाही, त्यामुळे फोटो बिघडवायलाही काही नाही. (निकॉनच्या डीएसएलआरवाल्यांनी मात्र जपून, तिथे अंतर ४६.५ आहे, बिनकाचेच्या रिंगने लांबचं फोकस होतच नाही.) अडचण एकच, ५८ मिमीची लेन्स क्रॉपवर ८७ सारखी वागते, म्हणजे फ्रेममध्ये कमी मावतं, चाळीतल्या खोलीत कुणाचा फोटो काढायचा तर पाठ भिंतीला टेकते.

रिड्यूसर तिथे कामाला येतो, त्याच्या आतली काच लेन्सचं चित्र लहान करून सेन्सरवर टाकते. ०.७१ वाला असेल तर ५८ ची ४१ होते, एफ/२ चा एफ/१.४ होतो, म्हणजे संध्याकाळी एक अख्खा स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड. आणि मुख्य म्हणजे हेलिओसची ती भोवऱ्यासारखी फिरणारी बॅकग्राउंड! ती फ्रेमच्या कडेला असते आणि क्रॉप सेन्सर नेमकी कडच कापतो. राणीच्या बागेत एकाच झाडाखाली दोन्ही लावून बघितलं, रिंगवर मागची पानं नुसती धूसर, रिड्यूसरवर तीच पानं चेहऱ्याभोवती गोल फिरायला लागली, खूप भारी वाटलं.

पण माझा रिड्यूसर आला तेव्हा इन्फिनिटीच, म्हणजे खूप लांबचं फोकसच मिळेना, मरीन ड्राइव्हवरून मलबार हिलचे दिवे नुसते गोळे दिसत होते, शेवटी बारीक स्क्रू सैल करून आतली काच थोडी थोडी फिरवत बसलो, दोन संध्याकाळी गेल्या. कोपरे अजूनही मऊच येतात. शिवाय मुंबईचा पावसाळा, जेवढी काच जास्त तेवढी बुरशीला जागा जास्त, त्यामुळे सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यातच ठेवायचं. लेन्स विकत घेतानाही मोबाईलचा टॉर्च मागून मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर सरळ परत ठेवा.

तेव्हा पोर्ट्रेट काढायचे असतील तर रिंग, भोवऱ्यासाठीच हेलिओस घेतली असेल तर पैसे साठवून रिड्यूसर. दोन्हीकडे मेनूत लेन्सशिवाय शटर चालू ठेवायचा पर्याय ऑन करा, फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) लावा, आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) असेल तर त्यात रिंगला ५८ आणि रिड्यूसरला ४१ आकडा भरा.