एडिटिंग टीमसाठी नॅस की सॅन?

नॅस म्हणजे नेटवर्कवरचा सामायिक फाइल सर्व्हर, सॅन म्हणजे फक्त स्टोरेजसाठीचं वेगळं नेटवर्क. दोन्हींत फुटेज एकाच जागी राहतं. फरक आहे तो फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे याची नोंद, कोण सांभाळतं, यात. नॅसमध्ये ते काम सर्व्हर करतो. एडिटरचं मशीन एसएमबी किंवा एनएफएसवरून (नेटवर्कवर फाइल देण्याघेण्याचे प्रोटोकॉल) फक्त फाइल मागतं. सॅनमध्ये प्रत्येक मशीनला थेट डिस्कवरचे ब्लॉक (डेटाचे कच्चे तुकडे) दिसतात, म्हणून कोण कुठे लिहितंय हे सांभाळणारी सामायिक फाइल सिस्टिम आणि बहुधा वेगळा मेटाडेटा कंट्रोलर (फाइलींची नावं, जागा यांची नोंद ठेवणारं मशीन) लागतो. ती नसताना एकच व्हॉल्यूम (स्टोरेजचा भाग) दोन मशीनवर लिहिण्यासाठी माउंट केला, म्हणजे जोडला, तर डेटा खराब होतो. हे कधीही करू नका.

वेगासाठी सॅनच हवं, हा समज आता जुना झाला. सेकंदाला २५ फ्रेम्सच्या यूएचडी (३८४०×२१६०) प्रोरेस ४२२ एचक्यू या एडिटिंगच्या व्हिडिओ फॉरमॅटला सेकंदाला सुमारे ९२ मेगाबाइट लागतात. १ गिगाबिटची लाइन एका स्ट्रीमनेच जवळपास भरते. १० गिगाबिटवर मल्टिकॅमही (एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांचं फुटेज) निभावतो.

नॅसमध्ये फाइलची यादी झटकन दिसते, पण मोठी फाइल अडकते? आधी एमटीयू, म्हणजे नेटवर्कवरच्या एका पॅकेटचा कमाल आकार (बाइटमध्ये), पाहा. मशीनवर ९००० आणि स्विचवर १५०० असलं की असंच होतं. फ्रॅगमेंट न करता (तुकडे न पाडता) ८९७२ बाइटचा पिंग, म्हणजे चाचणीचं पॅकेट, जात नसेल, तर वाटेतला प्रत्येक पोर्ट तपासा.

सॅनची लक्षणं जास्त फसवी. डिस्क मोकळ्या असतात, तरी फोल्डर उघडत नाही, कारण मेटाडेटाचं नेटवर्क अडलेलं असतं. फायबर पोर्टवर सीआरसी एरर (वाटेत डेटा बिघडल्याच्या नोंदी) वाढत असतील, तर केबलचं टोक साफ करा, मग एसएफपी (पोर्टमध्ये बसणारं फायबरचं मॉड्यूल) बदला.

स्टोरेजसाठी स्वतंत्र माणूस नसेल, तर मी नॅसच सुचवेन. अनकॉम्प्रेस्ड फुटेजवर ग्रेडिंग (रंगांचं काम) करणाऱ्या मोठ्या टीमने मात्र सॅनचा विचार जरूर करावा.