पॉवर स्टिअरिंग अचानक जड: पंपाच्या सील किटचा नऊ महिन्यांचा अनुभव

गाडी 2003 सालची, पेट्रोल, हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबाने वळायला मदत करणाऱ्या) स्टिअरिंगची. ऑइलचा दाब तयार करणारा पंप खोलून सील किट (गळती रोखणाऱ्या रबरी सीलांचा संच) टाकलं, फ्लो व्हॉल्व्ह (पंपातून जाणारं ऑइल नियंत्रित करणारी झडप) साफ केला, बेल्ट आणि सक्शन होज (टाकीतून पंपाकडे ऑइल नेणारी नळी) नवीन घातले. त्याला आता नऊ महिने आणि अकरा हजार किलोमीटर झाले, मध्ये एक अख्खा पावसाळा गेला. किटचे पैसे वसूल आहेत, पण दोष पंपातच आहे हे आधी पक्कं केलं असेल तरच. स्टिअरिंग जड झालं की पुष्कळ ठिकाणी थेट रॅक (स्टिअरिंगची फिरकी पुढच्या चाकांपर्यंत नेणारा भाग) बदलायला सांगतात. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. किट काहीशे रुपयांत येतं, रॅकचा खर्च हजारांत जातो.

महिना-दोन महिन्यांत हळूहळू जड होत गेलेली गाडी वेगळी. तिथे पंपाची झीज, सैल बेल्ट, नाहीतर चक्क टायरमधली कमी हवा असते. एका वळणाला मदत होती आणि पुढच्या वळणाला गायब, असं झालं तर बहुतेक वेळा चारपैकी एक कारण निघतं: बेल्ट तुटला किंवा उतरला, होज फुटून ऑइल गेलं, पुली शाफ्टवर नुसती फिरतेय, किंवा फ्लो व्हॉल्व्ह अडकला. पहिली तीन बॉनेट उघडून टॉर्च मारली की दिसतात. चौथं दिसत नाही आणि तिथेच लोक रॅकच्या खर्चात पडतात.

चालत्या गाडीत असं झालं तर इंजिन बंद करू नका. चाकांशी जोड कायम असते, जोर लावून गाडी वळते. इंजिन बंद केलं तर ब्रेकचा बूस्टरही (ब्रेक दाबायला मदत करणारा भाग) जातो. मात्र त्याच बेल्टवर वॉटर पंप असेल तर लगेच बाजूला घ्या, नाहीतर इंजिन तापून हेड गॅस्केटचं काम निघेल. बेल्ट तुटूनही बॅटरीचा दिवा लागला नाही तर गोंधळू नका, बऱ्याच जुन्या गाड्यांत स्टिअरिंगचा बेल्ट वेगळा असतो.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. पुढची दोन्ही चाकं स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवा. तरीही अडकत असेल तर हायड्रॉलिकला हात लावू नका. कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट गंजलेला असतो, नाहीतर स्ट्रटचं बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. हलकं फिरलं तर इंजिन चालू करून दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि स्वतः स्टिअरिंग ऑइलच्या टाकीत बघा. ताकासारखा फेस आला तर सक्शन बाजूने हवा ओढली जातेय. अशा होजमधून बाहेर थेंबही गळत नाही, म्हणून ती नजरेतून सुटते. एकाच बाजूला जड असेल तर संशय पंपावर नाही, रॅकच्या सीलवर किंवा तिथल्या व्हॉल्व्हवर घ्यायचा.

खात्री गेजनेच होते. पंप आणि प्रेशर होजच्या (रॅककडे दाबाचं ऑइल नेणाऱ्या नळीच्या) मध्ये कॉकवाला म्हणजे तोटीवाला प्रेशर गेज लावून इंजिन आयडलला ठेवायचं आणि कॉक जास्तीत जास्त पाच सेकंद बंद करायचा. त्याहून जास्त धरलात तर पंप जळेल. दाब मॅन्युअलमधल्या आकड्याला पोचला तर पंप ठणठणीत. कॉक उघडून, स्टिअरिंग पूर्ण लॉकला (एका टोकापर्यंत) नेल्यावर तो दाब येत नसेल तर रॅक आतून गळतोय. कॉक बंद असतानाच दाब नसेल तर पंप खोला.

या पंपात दाब नव्हताच. फ्लो व्हॉल्व्ह बोअरमध्ये (तो सरकतो त्या भोकात) तिरका अडकून बसला होता. म्हणजे ऑइल पंपातल्या पंपातच परत फिरत होतं. टाकीच्या तळाची जाळी काळ्या चिकट गाळाने भरलेली होती. व्हॉल्व्हवरचा ओरखडा 1500 नंबरच्या पॉलिश पेपरने, ऑइल लावून, अगदी हलक्या हाताने काढायचा. ऑइल लावलेला व्हॉल्व्ह उभ्या बोअरमध्ये स्वतःच्या वजनाने खाली सरकला पाहिजे. पेपर जास्त घासला तर व्हॉल्व्ह कायमचा सैल होतो आणि आयडलला दाब टिकत नाही. पंपाची पाती बसवताना गोल कड बाहेर, कॅम रिंगकडे (पाती जिच्या आत फिरतात ती कडी). शाफ्टवर सील घासतं तिथे नख फिरवा. नख अडकलं तर किट वाया, नवीन सीलही थोड्या दिवसांत गळेल.

ऑइल इथे डेक्सरॉन-3 (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या फ्लुइडचा एक प्रकार) चालतं. होंडाच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगला त्यांचंच फ्लुइड लागतं. ब्रेक ऑइल चुकूनही ओतू नका, सगळी सीलं फुगतात. सिस्टिममध्ये साधारण लिटरभर बसतं, पण धुवून काढायला दोन लिटर हाताशी ठेवा. हवा काढताना चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, लॉक ते लॉक वीसेक वेळा सावकाश फिरवायचं आणि मग स्टार्ट मारायचा. घाईने आधीच इंजिन चालू केलं की फेस होतो आणि दोन दिवस पंप रडतो.

आता नऊ महिन्यांचा हिशेब. शाफ्टचं सील आजही कोरडं आहे. बेल्ट पाचशे किलोमीटरला ताणला आणि पुन्हा आवळावा लागला. पावसात सकाळी किंचाळायचा, आवळल्यावर गप्प. दुसऱ्या महिन्यात रिटर्न होजच्या तोंडाशी ओल दिसली. दोष स्क्रूवाल्या क्लिपचा होता, स्प्रिंगची क्लिप टाकल्यावर थांबली. लाल ऑइल सहाव्या महिन्यात तपकिरी झालं होतं, तेव्हा जाळी साफ करून ते पुन्हा बदललं. घाट चढून आल्यावर लगेच पार्किंग करताना स्टिअरिंग किंचित जड लागतं, जरा रेस दिली की सुटतं. कॅम रिंगवरच्या चऱ्या किटने जात नाहीत. हे वाढलं की पुढचा खर्च पूर्ण पंपाचा.

बॉनेटखाली ऑइलची टाकीच नसेल तर तुमचं स्टिअरिंग बहुतेक इलेक्ट्रिक. तिथे आधी बॅटरीचा व्होल्टेज, फ्यूज आणि अर्थिंग बघा. इंजिन चालू असताना 14 च्या आसपास व्होल्ट हवेत. स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड दाखवतात, त्यामुळे त्यावर 'फॉल्ट नाही' दिसलं म्हणून स्टिअरिंगचा मॉड्यूल ठीक आहे असं धरून चालू नका.