रियुनियन : भरिताला पाच स्टार, देणगीच्या कारभाराला दोन

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या १९९९ च्या बीएस्सी बॅचचं रियुनियन झालं. कॉलेजचं नाव टाकत नाही, जळगाव जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे, पुढे तक्रार आहे आणि मला अजून तिथून एक दाखला काढायचाय.

आधी जेवण. हायवेजवळच्या लॉन्सवर भरीत पार्टी होती, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, आमच्यासमोर लाकडी बडगीत ठेचलेली, कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे, तेलात हात आखडता नाही, सोबत कळण्याच्या पुऱ्या. पुण्यात वीस वर्षं टमाटं घातलेलं जे काही भरीत म्हणून खाल्लं त्याबद्दल स्वतःचीच कीव आली. पार्किंग बरं, माईक खराब. पाच स्टार.

आता देणगी. माणशी २५०० काढले, ८४ जण, म्हणजे २ लाख १० हजार. त्यातलं लॉन्स, जेवण, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हं आणि ड्रोनवाला (ड्रोन कशाला, सगळ्यांची टक्कलं वरून दिसली) यातच बहुतेक गेलं, कॉलेजसाठी उरले ३२ हजार. मग एकाने माईक घेऊन सांगितलं की आयआयटी मुंबईच्या १९९८ च्या बॅचने रौप्यमहोत्सवाला ५७ कोटी दिले, आपण मागे का, आणि सुरू झालं नाव पुकारून आकडे बोलणं, अमुक भाऊ अकरा हजार, टाळ्या, तमुक ताई एकवीस, टाळ्या. माझ्या शेजारी बसलेला मित्र शेती करतो, त्या वर्षी कापसाने मारलं होतं त्याला, तो पाणी पिऊन येतो म्हणून उठला तो जेवण सुरू झाल्यावरच परत आला. माझ्या मते तिथेच अर्धा कार्यक्रम वाया गेला. आणि पैसे टाकायला क्यूआर कोड कुणाचा, तर आयोजकाच्या स्वतःच्या खात्याचा!

पावती मागितली तर म्हणे आपण कॉलेजला पाण्याचा कूलर घेऊन देणार आहोत, पावती कशाची. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वस्तू दिली तर ८०जीची, म्हणजे देणगीवरची इन्कम टॅक्सची सवलत मिळत नाही, रोख दोन हजारांच्या वर दिले तरी नाही, आणि नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर विषयच संपला. संस्थेला ८०जी असेल तर चेकने किंवा ऑनलाइन थेट संस्थेच्या खात्यात टाका आणि पावती घ्या. कॉलेजच्याही फायद्याचं आहे, कारण नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या) मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभागही बघतात, तिथे हिशोबात दिसणारा पैसा दाखवता येतो, आयोजकाच्या खात्यातून आलेला कूलर कसा दाखवणार?

कूलरवरून आठवलं. जेवणानंतर केमिस्ट्री लॅबचे मामा भेटले, रिटायरमेंटला आलेत, "काय भो" म्हणून पाठीत जोरात थाप मारली. मी कूलरचं कौतुकाने सांगितलं तर हसायला लागले. आधीच्या एका बॅचने दिलेला कूलर जिन्याखाली उभा आहे, फिल्टर बदलायला कुणी पैसे देत नाही. म्हणाले, "पाटी चकाचक शे भो, पानी नई शे." मग हळूच सांगितलं की ब्युरेट (मोजमापाच्या काचेच्या नळ्या) फुटले की पोरं पाळी लावून टायट्रेशन करतात, आणि परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी चार-पाच पोरं हमखास ऑफिसबाहेर घुटमळत असतात, फीचे पैसे नसतात म्हणून. ही यादी स्टेजवर कुणीच वाचली नाही, प्राचार्यांच्या भाषणात ऑडिटोरियमची एसी मात्र दोनदा आली.

घरी आल्यावर ग्रुपवर मी थोडा चिडून लिहिलं, दोघांनी ग्रुप सोडला (एक परत आला). पण जानेवारीपासून २३ जण महिन्याला २०० देतोय, थेट कॉलेजच्या खात्यात, कुणी किती दिले ते ग्रुपवर टाकायचं नाही असं ठरलंय, आणि शेतीवाला मित्र पहिल्या दिवसापासून त्यात आहे. वर्षाचे ५५,२०० होतात, म्हणजे त्या एका रात्रीच्या उरलेल्या पैशांपेक्षा जास्त, आणि दरवर्षी. एकरकमी मोठी देणगी वाईट असं नाही, कुणाला हॉल बांधून द्यायचा तर द्यावा, पण ग्रँट नसलेल्या खर्चाला असाच बारीक, ठरलेल्या तारखेला येणारा पैसा लागतो.

कॉलेज ऑफिसला एक स्टार देणार होतो, पावतीसाठी तीन फोन करावे लागले. पण मार्चअखेर १३,८०० जमा झाले, त्यात ब्युरेट आले आणि आठ पोरांची परीक्षा फी भागली, आणि क्लार्क मॅडमनी न मागता हिशोबाचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवला. म्हणून दोन. मामांनीही फोटो पाठवलाय, नवे ब्युरेट, अजून खोक्यातच आहेत, प्रॅक्टिकल सोमवारी आहे म्हणे.