बंड्याचा तिसरा पट्टा

बंड्या 42 किलोचा. आई रॉटवायलर, बापाचा पत्ता नाही. मांजर दिसलं की त्याच्या अंगात काय संचारतं, ते माझ्या उजव्या खांद्याला विचारा. हा त्याचा तिसरा चामडी पट्टा, आणि तो त्याच्या गळ्यात अडीच वर्षं आहे. म्हणून आता चार शब्द लिहायला हरकत नाही.

पहिला दिसायला सगळ्यात देखणा होता. जाडजूड, आतून मऊ गादी, वर चकचकीत खिळे. आठ महिन्यांत त्याचे पापुद्रे सुटायला लागले. कडेची शिवण उसवून पाहिली, तर वर-खाली कागदासारखं पातळ चामडं आणि मधे पुठ्ठ्यासारखं काहीतरी भरलेलं. लेबलवर ‘जेन्युइन लेदर’ लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं म्हणा. चामडं आहे एवढंच ते सांगतं. कातड्याचा कुठला थर, हे सांगत नाही. खरी ताकद वरच्या थरात असते, तिथले तंतू दाट विणलेले असतात. खालचा थर सैल, म्हणून तो रंग-रोगण चढवून विकतात. ‘बॉन्डेड’ लिहिलेलं तर हातातही घेऊ नका, तो चामड्याचा भुगा डिंकात चिकटवलेला असतो.

दुसरा पट्टा मात्र अस्सल होता. 4 मिलिमीटर जाड, एकसंध. तो आजही माझ्याकडे आहे आणि त्याला चीरही गेलेली नाही. गेली ती कडी. एका संध्याकाळी बंड्याने झेप घेतली, कडीचा सांधा उघडला आणि मी हातात साखळी धरून उभी! पट्टा शाबूत, साखळी शाबूत, कुत्रा पसार. नशिबाने दोन वळणांवर एका गाडीखाली तोंड घालून बसलेला सापडला. मांजर आत, हा बाहेर.

मी शिवणकाम करते, वीस वर्षं झाली. माझ्याकडे पिशव्या दुरुस्तीला येतात, त्यांतल्या दहापैकी नऊंचे बंद सुटलेले असतात. कापड फाटलेली एखादीच. हे रोज डोळ्यांपुढे असून पट्टा घेताना मी चामड्याची जाडी चिमटीत धरून बघत बसले. तिसऱ्या वेळी आधी कडी बघितली, मग कडीभोवतीची तीन बोटं जागा, आणि चामडं सगळ्यात शेवटी.

कडीला सांधा दिसला आणि तो नुसता वाकवून जुळवलेला असला, तर पट्टा खाली ठेवा. सांधा डाखलेला हवा, नाहीतर कडी अखंड ओतीव हवी. माझी भरीव पितळेची आहे. ‘ब्रास’ म्हणून विकतात त्यातलं बरंचसं मुलामा दिलेलं असतं. चुंबक चिकटला तर आत लोखंड. पण नाही चिकटला म्हणून खूश होऊ नका. जस्ताच्या ओतीव कड्यांनाही तो चिकटत नाही, आणि जस्ताची कडी वाकून इशारा देत नाही, एकदम तुटते. मी आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला कानस दोनदा घासली. पिवळं निघालं तर पितळ, राखाडी निघालं तर मुलामा. बकलही त्याच धातूचं असावं. पट्टा सरकतो त्या बाजूला फिरती नळी असली तर उत्तम, चामडं रोज घासलं जात नाही.

आता टाके. हा माझा प्रांत, त्यामुळे थोडं लांबेल. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे मधे एकमेकांत अडकतात. एक दोरा झिजून तुटला की शेजारचे टाके ढिले पडत जातात. हाताच्या खोगीर-टाक्यात एकच मेण लावलेला दोरा असतो, त्याच्या दोन्ही टोकांना सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया उलटसुलट जातात. एक टाका तुटला तरी बाकीचे आपापल्या जागी घट्ट. हे मशीनवर पोट भरणारी बाई सांगतेय, तेव्हा विश्वास ठेवा. दुसरं, टाके दाट म्हणजे मजबूत हा समज चामड्याच्या बाबतीत उलटा पडतो. प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. भोकं फार जवळ आली की पोस्टाच्या तिकिटासारखी रांग तयार होते आणि चामडं नेमकं तिथे फाटतं. माझ्या पट्ट्यावर टाके विरळ आहेत, दोरा खाचेत बसवलेला आहे, आणि कडी धरणाऱ्या दुमडीच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा एकेक रिव्हेट, खाली चकतीसकट. अडीच वर्षांत एकही टाका हललेला नाही.

पट्टा 4 सेंटीमीटर रुंद आहे. मी आणखी रुंद मागत होते, पण बनवणाऱ्याने ऐकलं नाही. म्हणाला, मान खाली घातली की कड जबड्याला टोचेल. बरोबर होतं त्याचं.

तक्रारी आहेत. साल-पाल्याच्या अर्कात कमावलेलं चामडं नवं असताना लाकडासारखं ताठ असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिले दोन आठवडे कानाखालचे केस गेले. मग रोज संध्याकाळी पट्टा हाताने मळून, वळवून आणि कडांना किंचित तेल चोळून नरम केला. पहिल्या पावसात तपकिरी रंग सुटला आणि बंड्याच्या छातीवरचा पांढरा ठिपका चहा सांडल्यासारखा झाला. पाचपैकी अर्धा गुण तिथे कापते.

माप देताना माझं चुकलंच असतं. पट्ट्याची पूर्ण लांबी द्यायची नसते. बकलचा काटा जिथे बसवलेला असतो तिथपासून वापरातल्या भोकापर्यंत मोजायचं, आणि ते माप मधल्या भोकावर येईल असा पट्टा घ्यायचा. चामडं ताणतं. बंड्या तिसऱ्या भोकावर होता, आता एक भोक आत आलाय. दोन बोटं सपाट आत जावीत, तिसरं नको. शिवाय पट्टा कानांच्या दिशेने ओढून बघा. ज्यांची मान डोक्याएवढीच जाड, ते पट्टा न तोडताही मोकळे होतात. वाढत्या पिल्लाला मात्र इतका भारी पट्टा घेऊ नका, काही महिन्यांत लहान होईल.

भिजला तर पुसून सावलीत वाळवायचा. उन्हात तडकतो. तेल दोन-तीन महिन्यांतून एकदा, तेही बोटभर. जास्त झालं की चामडं लुळं पडून आणखी ताणतं.

फिरायला नेताना साखळी आता छातीच्या हार्नेसला लावते. एवढ्या ताकदीने ओढणाऱ्या कुत्र्याचा सगळा जोर गळ्याच्या नळीवर येतो, आणि पट्टा कितीही चांगला असला तरी त्यात फरक पडत नाही. पट्टा नावाच्या बिल्ल्यासाठी, आणि दारात कुणी आलं की पटकन धरायला.

त्या बिल्ल्याची पोलादी रिंग पितळेच्या कडीत हळूहळू खाच पाडतेय, हे मागच्या महिन्यात लक्षात आलं. अजून नखाला जेमतेम लागते. खोल गेली की दुमड उसवून कडी बदलेन. दोरा, मेण आणि दोन सुया काढून ठेवल्या आहेत.