लॉर्ड ऑफ द फ्लाइज : राल्फसाठी घ्या, आणि पाचवं प्रकरण सावकाश वाचा

गोष्ट बहुतेकांना ऐकून माहितीये. युद्धाच्या काळात विमान पडतं, बेटावर नुसती शाळकरी पोरं उरतात, मोठं माणूस एकही नाही, आणि मग सगळं बिघडत जातं. विल्यम गोल्डिंगची ही पहिलीच कादंबरी, १९५४ सालची. याबद्दल बोलताना लोक शिकाऱ्यांचा म्होरक्या होणाऱ्या जॅकवर बोलतात, रंगवलेल्या तोंडांवर आणि काठीवर खोचलेल्या डुकराच्या मुंडक्यावर बोलतात. मी राल्फवर, म्हणजे पोरांनी निवडलेल्या प्रमुखावर लिहितोय कारण मला तरी पुस्तकाचा जीव त्याच्यात दिसला. पुढे गोष्ट फुटणार आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी इथूनच परत फिरा.

राल्फ बारा वर्षं आणि काही महिन्यांचा. तो प्रमुख होतो कसा ते बघा. अक्कल पिगी नावाच्या जाड्या पोराकडे आहे, पुढारपणाची सवय जॅककडे आहे कारण तो आधीपासून गायकमंडळाचा म्होरक्या, राल्फकडे फक्त पोरांना गोळा करायला वाजवलेला शंख, तोही कसा वाजवायचा ते पिगीने शिकवलेलं. पण अंगापिंडाने बरा, शांत बसलेला, हातात शंख, बस, पोरांनी हात वर केले. म्हणजे ते पद त्याने कमावलेलंच नाहीये, आणि पुढे जी शंका त्याला पोखरत जाते तिचं बी मला इथेच पडलेलं वाटतं. सुरुवातीला त्याला त्याचं काहीच नाही, पोहतो, वाळूत उलटा उभा राहतो, बाबा नेव्हीत आहेत ते येतील आणि नेतील यावर त्याचा ठाम विश्वास आहे.

मग जॅक शिकारीसाठी, जहाजांना दिसावा म्हणून पेटवलेल्या जाळावर राखणीला बसलेली पोरंसुद्धा घेऊन जातो, जाळ विझतो आणि नेमकं तेव्हाच क्षितिजावरून जहाज निघून जातं. राल्फ आरडाओरडा करून मोकळा होत नाही, राखेतच उभा राहतो, हलत नाही, आणि नवा जाळ पोरांना बाजूला सरकून रचावा लागतो. हा त्याचा शेवटचा खरा विजय म्हणता येईल.

त्यानंतर येतं पाचवं प्रकरण, आणि माझ्या मते अख्खं पुस्तक या एका प्रकरणासाठी विकत घ्यावं. सभेआधी राल्फ किनाऱ्यावर एकटाच येरझाऱ्या घालतो, कपडे मळून कडक झालेत, केस डोळ्यांवर येतायत, आणि त्याला पहिल्यांदाच कळतं की प्रमुखाला विचार करावा लागतो आणि आपल्याला पिगीसारखा विचार करता येत नाही. ज्या जाड्या पोराचं नको असलेलं नाव त्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर फोडून हसवलं होतं, त्याचं डोकं आपल्यापेक्षा चांगलं चालतं हे तो मनात मान्य करतो. म्हणून मला ही शंका दुबळेपणाची वाटत नाही, त्याला माणसं दिसायला लागलीत त्याची ती खूण आहे. जॅकला पूर्ण पुस्तकात अशी शंका फारशी शिवत नाही आणि तोच जास्त नुकसान करतो.

सभा तो उशिरा बोलावतो, मुद्दे पाठ करून आलेला असतो, पाणी, झोपड्या, जाळ, सगळं नीट सांगतो, पण अंधार पडत जातो आणि विषय बेटावर भूत आहे या पोरांच्या भीतीकडे जातो. सभा एवढ्या उशिरा घ्यायला नको होती हे तो सगळ्यांदेखत कबूल करतो. शेवटी जॅक नियम धुडकावतो, पोरं ओरडत त्याच्या मागे पळतात, पिगी म्हणतो शंख वाजव, आणि राल्फ वाजवत नाही. कारण वाजवला आणि कुणी आलंच नाही तर मग संपलंच. आपल्या नाशकात ढोल पथकाचा सराव ज्यांनी घेतलाय त्यांना ही जागा लगेच कळेल, पथकप्रमुख शिट्टी तोंडाजवळ नेतो आणि तशीच खाली घेतो, कारण न वाजलेल्या शिट्टीचा मान अजून शिल्लक असतो. इथे राल्फ म्हणतो मी हे सोडून देतो. पिगी घाबरतो, तू सोडलंस तर जॅक मला जगू देणार नाही. सायमन नावाचा शांत पोरगा एवढंच म्हणतो की तू प्रमुख राहा. हे वाचताना मला भयंकर वाईट वाटलं, कारण त्याच्यावर विश्वास ठेवणारे दोघंच आहेत आणि पुढे दोघंही मरतात.

नंतर त्याच्या डोक्यात मधूनच पडदा पडल्यासारखं होतं, जाळ कशासाठी हवा हेच आठवत नाही, पिगीने सांगावं लागतं. हे गोल्डिंगने जरा जास्तच वेळा वापरलंय पण परिणाम होतो. शिकारीत भाला डुकराच्या नाकाडावर लागतो तेव्हा राल्फ चेकाळतो, आणि सायमनला मारतात त्या रात्री तोही घोळक्यात असतो. दुसऱ्या दिवशी त्याला खून हाच शब्द वापरणारा तो एकटा, पिगी मात्र अपघात होता म्हणत राहतो. लेखकाने आपल्या नायकाला सोडवलं नाही, याबद्दल मला गोल्डिंगचा प्रचंड आदर वाटतो. तो स्वतः शाळामास्तर होता आणि दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत होता, ते पानापानात जाणवतं.

शेवटी नेव्हीचा अधिकारी विचारतो, इथला प्रमुख कोण? राल्फ मोठ्याने म्हणतो, मी. जॅक एक पाऊल पुढे येतो आणि थांबतो. इतका वेळ स्वतःवर शंका घेणारा पोरगा, जेव्हा त्या पदात फक्त जबाबदारी आणि लाज उरलीये तेव्हा ते स्वतःच्या अंगावर घेतो, आणि मग रडतो.

आता पुस्तक म्हणून. बारा प्रकरणं, लहानसं पेपरबॅक, इंग्रजी मात्र सोपं नाही, बेटाची वर्णनं दाट आहेत आणि पोरांची बोली तेव्हाच्या ब्रिटिश शाळांमधली, त्यामुळे पहिली दोन प्रकरणं रेटावी लागतात. विकत घ्यायचं नसेल तर सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, आधी विचारून बघा. नववी-दहावीच्या आधी मुलांना देऊ नका, पिगीचा मृत्यू फार थंडपणे लिहिलाय. ढोल पथकात, ट्रेकिंग ग्रुपमध्ये, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ज्यांना वीस-बाविशीतच पुढे उभं केलंय त्यांनी मात्र नक्की घ्या. पाचपैकी साडेचार, अर्धा त्या पडद्याचा कापला.