एफ्लातुनपिनार, तुर्की: कोन्याला जाताय तर हा झरा चुकवू नका

तुर्कीला जाणारी आपली मंडळी इस्तंबूल, कॅपाडोकियाचे बलून आणि फार तर कोन्याला रूमींची समाधी करून परत येतात, आम्हीही तेच करणार होतो, पण एक दिवस हाताशी होता म्हणून गाडी ठरवून कोन्या प्रांतातल्याच बेयशेहिर गावाच्या बाजूला गेलो आणि खरं सांगते, अख्ख्या ट्रिपमधलं मला सगळ्यात आवडलेलं ठिकाण हेच.

नावापासूनच मजा आहे. एफ्लातुन म्हणजे प्लेटो, आपण "काय अफलातून जेवण होतं" म्हणतो ना, तोच हा शब्द! पिनार म्हणजे झरा. पण प्लेटोचा इथे काही संबंध नाही, हे हित्ती लोकांनी, म्हणजे तुर्कीत प्राचीन काळी राज्य करणाऱ्यांनी, इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात बांधलंय, म्हणजे प्लेटो जन्मायच्या आठेकशे वर्षं आधी.

समोर मोठं चौकोनी दगडी कुंड आणि त्याच्या एका काठावर प्रचंड दगड एकावर एक रचून केलेली भिंत. मध्ये देव आणि देवी शेजारी शेजारी बसलेत, वर पंख पसरलेला सूर्य, आणि बाजूचे बैलाच्या नि सिंहाच्या तोंडाचे गण हात वर करून तो तोलून धरतात. चेहरे पार झिजलेत, तरी बसण्यातला रुबाब कळतो. अगदी खाली, पाण्यालगत पाच पर्वतदेव आहेत, ते नीट बघा. मधल्या तिघांच्या अंगाला गोल गोल भोकं पाडलीत, त्यातून झऱ्याचं पाणी कुंडात पडायचं, म्हणजे डोंगराच्या पोटातून पाणी येतं हे त्यांनी दगडातच दाखवलं!! मला आपलं गोमुखच आठवलं. हे पाचजण कितीतरी वर्षं गाळात गाडलेले होते, १९९६ पासून कोन्याच्या म्युझियमने खोदकाम केलं तेव्हा वर आले. आणि झरा अजून जिवंत आहे, पाणी इतकं नितळ की तळाचं शेवाळ हलताना दिसतं. मी काठावर बसून हात घातला, गारेगार.

तक्रार एकच, आमचा ड्रायव्हर "पंधरा मिनिटं पुरेत" म्हणून मागे लागला होता. अजिबात ऐकू नका, दीड तास तरी ठेवा, आणि गाडी ठरवतानाच तसं बोलून घ्या. जायच्या आधी थोडं वाचून जा, म्हणजे कोण देव कोण गण ते ओळखता येतं. खायला-प्यायला सोबत ठेवा. जमलं तर जवळच फासिल्लारला डोंगरउतारावर आडवा पडलेला हित्तींचा सात मीटरच्या वरचा अर्धवट पुतळा आहे, तोही त्याच दिवशी करा. आमचा राहिला.